एक पीक, दोन गिऱ्हाईकं: ट्रिटिकेल लावायचं की रब्बी ज्वारी?



आपल्या मनीषनगरात राहणारे बरेच जण नोकरी-धंदा नागपुरात करतात आणि वावर मात्र हिंगणा, बुटीबोरी नाहीतर उमरेडकडे असतं. कोणाकडे दोन-चार म्हशी आहेत, कोणाला दुधाचा जोडधंदा सुरू करायचा आहे. अशा लोकांचा एक प्रश्न हमखास येतो: "ट्रिटिकेल नावाचं परदेशी पीक आहे म्हणतात. हिवाळ्यात लावायचं, दाणाही मिळतो आणि चाराही. आपल्याकडे लावलं तर?"

प्रश्न चांगला आहे. एका खर्चात दोन माल निघत असतील तर कोणत्या धंदेवाल्याला नको आहे? पण धंद्यात आपण आधी काय विचारतो? माल कोण घेणार? चला, तोच प्रश्न या पिकाला विचारू. व्हिडिओत आकडे भराभर जातात, म्हणून इथे सावकाश लिहून देतो. कागद-पेन घेऊनच बसा.

ट्रिटिकेल म्हणजे नेमकं काय?

गहू आणि राय या दोन धान्यांचा संकर म्हणजे ट्रिटिकेल. राय हे थंड देशातलं, गव्हाच्याच घराण्यातलं पण जास्त काटक धान्य. गव्हाचा दाणा आणि रायचा काटकपणा एकाच ताटात आणायचा, ही त्यामागची कल्पना. १८७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये पहिला संकर झाला, पण ती झाडं वांझ निघाली. १८८८ मध्ये जर्मनीत बी धरणारा संकर मिळाला. आज पोलंडमध्ये हे पीक मोठ्या प्रमाणावर घेतात आणि बहुतेक दाणा जनावरांच्या खाद्यात जातो. आपल्या देशातही लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने यावर काम केलं आहे.

म्हणजे पीक खोटं नाही. पण नागपूरच्या कास्तकाराने तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत.

पहिली, थंडी. हिवाळी ट्रिटिकेलला ओंबी धरण्याआधी काही आठवड्यांची कडक, सलग थंडी लागते. ती मिळाली नाही तर ते नुसतं गवतासारखं वाढत राहतं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता हे खरं, पण ती एक-दोन रात्रींची गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत आपलं किमान तापमान साधारण १२-१३ अंशांच्या आसपास असतं. तेवढ्यावर हिवाळी वाणाचं भागत नाही. थंडी न मागणारे वसंती वाण असतात, ते गव्हासारखे येऊ शकतात. पण मग पुढच्या दोन गोष्टी आडव्या येतात.

दुसरी, बियाणं. गव्हाचं, हरभऱ्याचं बी कोणत्याही कृषी केंद्रात मिळतं. ट्रिटिकेलचं तसं नाही. ज्याचं प्रमाणित बी दरवर्षी हमखास मिळत नाही, त्यावर धंदा उभा करायचा नसतो.

तिसरी, आणि सगळ्यात मोठी, गिऱ्हाईक. केंद्र सरकारच्या हमीभावाच्या यादीत ट्रिटिकेल नाही. कळमना मार्केटमध्ये पोतं घेऊन गेलात तर त्याचा भाव कोण काढणार? बेसा-बेलतरोडीची गृहिणी दळायला ते नेणार नाही. आणि ग्लुटेन टाळणाऱ्यांना ते विकताच येत नाही, कारण त्यात गव्हासारखंच ग्लुटेन असतं.

म्हणजे राहिला फक्त चारा. मग दोन गिऱ्हाईकांचं पीक कुठे राहिलं?

आपल्याकडचं दोन गिऱ्हाईकांचं पीक

दाणा आणि चारा दोन्ही देणारं, हिवाळ्यातलं, कमी पाण्यावर येणारं पीक महाराष्ट्राकडे आधीपासून आहे. ते म्हणजे रब्बी ज्वारी.

सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा हा तिचा मूळ इलाखा. १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हा वाण काढला. इतकी वर्षं झाली तरी बाजारात भाव सांगताना व्यापारी आजही 'मालदांडी' म्हणतो. सरकारसुद्धा ज्वारीचे दोन हमीभाव जाहीर करतं, एक संकरितचा आणि एक मालदांडीचा. २०२५-२६ साठी संकरितला क्विंटलला ३,६९९ रुपये आणि मालदांडीला ३,७४९ रुपये. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. धंद्याच्या भाषेत याला काय म्हणायचं? ब्रँड. तो तयार आहे, तुम्हाला फक्त माल पिकवायचा आहे.

आपल्या विदर्भात पूर्वी ज्वारी खरिपातच जास्त व्हायची. मग कापूस-सोयाबीन आलं, पाखरं आणि रानडुकरांचा त्रास वाढला आणि ज्वारी धुऱ्यापुरती उरली. तिच्यासोबत कडबाही गेला. आज ज्यांच्याकडे ढोरं आहेत ते सोयाबीन-तुरीच्या कुटारावर भागवतात, भंडारा-गोंदियाकडून तणस आणतात, नाहीतर कडबा विकत घेतात. म्हणजे चाऱ्याचं गिऱ्हाईक कुठे शोधायला जायची गरज नाही. अनेकदा ते गिऱ्हाईक तुम्ही स्वतःच आहात!

कडब्याला फुकट समजू नका

आता मुद्द्याचं बोलू. बहुतेक कास्तकार ज्वारीचा हिशोब फक्त दाण्यावर करतात. "एकरी इतके पोते झाले, इतका भाव मिळाला, परवडलं नाही." कडबा? "तो काय, ढोरांना झाला." इथेच हिशोब चुकतो.

एक उदाहरण घेऊ. यातले उत्पादनाचे, खर्चाचे आणि कडब्याच्या भावाचे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. तुम्ही तुमचे टाकायचे. समजा, ओलिताखाली एक एकर ज्वारी बरी जमली.

- दाणे १० क्विंटल, भाव ३,७४९ रुपये: ३७,४९० रुपये
- कडबा २२ क्विंटल, किलोला ५ रुपये: ११,००० रुपये
- एकूण: ४८,४९० रुपये
- नांगरणीपासून मळणीपर्यंत खर्च, घरच्यांची मजुरी धरून: २४,००० रुपये

फक्त दाणा मोजला तर शिल्लक १३,४९०. कडबा मोजला तर २४,४९०. वावर तेच, मेहनत तीच, पण एका हिशोबात पीक 'कसंबसं' आणि दुसऱ्यात 'बरं'.

अजून एका बाजूने पाहा. खर्चातून कडब्याचे ११,००० वजा केले तर दाण्यावर १३,००० चाच बोजा राहिला. म्हणजे एक क्विंटल दाणा २,४०० ऐवजी १,३०० रुपयांत पडला. बाजार थोडा खाली आला तरी तुम्ही उभे राहता.

आता पाखरांनी तीन क्विंटल दाणे खाल्ले असं धरा. राहिले ७ क्विंटल, त्याचे २६,२४३ रुपये. कडबा नसता तर हातात फक्त २,२४३ उरले असते. कडब्यासकट १३,२४३ उरतात. पाखरू दाणा खातं, कडबा खात नाही! पण हेही लक्षात ठेवा: खोडमाशी, पाण्याचा ताण किंवा ऐन सोंगणीत गारपीट झाली तर दाणा आणि कडबा दोन्ही मार खातात. दोन गिऱ्हाईकं म्हणजे विमा नव्हे. पण सगळं एकाच भावावर अवलंबून राहत नाही, एवढं नक्की.

हमीभावाबद्दल एक सूचना. तो भाव सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी करून, ठरलेल्या दर्जाचा माल दिला तरच मिळतो. बाजारातला भाव त्याहून कमी-जास्त असू शकतो. म्हणून हिशोब दोनदा करा: एकदा हमीभावाने, एकदा कळमन्याच्या चालू भावाने.

घरच्या कडब्याचा भाव कोणता धरायचा?

हा प्रश्न दुधाचा धंदा करणाऱ्यांसाठी. समजा मार्चमध्ये सोंगणी झाल्यावर व्यापारी वावरातून ५ रुपये किलोने कडबा उचलतो. पण मे महिन्यात तुम्हालाच चारा लागला तर भाडं धरून तो ७ रुपयांना पडतो. मग तुमच्या घरच्या कडब्याची किंमत किती? विकला तर ५, पण तुम्हाला तो लागणारच असेल तर ७. म्हणजे २२ क्विंटलचे ११,००० नाही, १५,४०० रुपये. मधल्या ४,४०० रुपयांतून गंजी लावणं, झाकणं आणि कुट्टीचा खर्च जाईल, तरी काही उरेल.

आता तो किती दिवस पुरेल ते पाहू. २,२०० किलोतून दहा टक्के नासाडी वजा केली तर १,९८० किलो. एका मोठ्या जनावराला दुसऱ्या चाऱ्यासोबत रोज ६ किलो दिला तर ३३० दिवसांचा चारा झाला. म्हणजे तीन जनावरांना ११० दिवस. मार्चच्या सुरुवातीपासून मोजा, जूनच्या मध्याला येऊन पोहोचता. म्हणजे उन्हाळा निघाला आणि पाऊस दारात आला.

पण अख्ख्या पेंढ्या टाकल्या तर जनावर पानं-शेंडा खातं आणि बुडखे सोडतं. कडबा कुट्टी मशीन घ्यायचं की नाही हे ठरवण्याआधी सात दिवस रोज उरलेले बुडखे तोलून वहीत लिहा. वाया जाणारे किलो गुणिले भाव, म्हणजे मशीनने वाचणारा पैसा. आठवड्याभरात उत्तर मिळेल.

आणि नुसत्या कडब्यावर दूध निघत नाही बरं का. त्यात प्रथिनं साधारण तीन-चार टक्केच असतात. हिरवा चारा, सरकी ढेप आणि खनिज मिश्रण लागणारच. कडबा म्हणजे पोटाची भर, ती स्वस्तात झाली तर बाकीच्यावर खर्च करायला पैसा राहतो.

पेंढी नाही, किलो विचारा

कडब्याचा व्यवहार शेकड्यावर होतो. शंभर पेंढ्यांचे इतके रुपये. पण पेंढी केवढी? एक जण म्हणतो शेकडा १,२०० आणि पेंढी दीड किलोची. दुसरा म्हणतो शेकडा १,५०० आणि पेंढी अडीच किलोची. पहिला स्वस्त वाटतो, पण तो ८ रुपये किलो पडला. दुसरा ६ रुपये. घ्या किंवा विका, दहा पेंढ्या तोलायच्या, सरासरी काढायची, मगच भाव बोलायचा.

लावायचं कसं: धंद्याला लागतं तेवढं

इथल्या शिफारशी प्रामुख्याने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या आहेत. तुमच्या वावरासाठी नक्की करायला वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं कृषी विज्ञान केंद्र आहे, महाराजबागेजवळ कृषी महाविद्यालय आहे. जाऊन विचारा.

१. वेळ. कोरडवाहू रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात पेरायची असते. ओलिताची ऑक्टोबर अखेरपर्यंत चालते. जितका उशीर तितकी खोडमाशी जास्त. लवकर येणारं सोयाबीन निघालं की लगेच पेरायचं, हे आपल्याकडे सगळ्यात सोपं. पऱ्हाटी उभी असलेल्या वावरात हे जमणार नाही, तिथे नाद करू नका.

२. वाण जमिनीच्या खोलीवरून. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारी काळ्या जमिनीला फुले वसुधा, परभणी मोती किंवा अकोल्याच्या विद्यापीठाचा पीकेव्ही क्रांती. पाणी असेल तर फुले रेवती. शेजाऱ्याने लावला म्हणून तोच वाण, असं करू नका. त्याची जमीन वेगळी असू शकते.

३. बियाणं. एकरी ४ किलो पुरे, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन झाडांत १५ सेंटिमीटर अंतर. चारा जास्त मिळावा म्हणून दाट पेरायचा मोह होतो. दाट पेरलं तर ताट बारीक होतं आणि कणीसही लहान. दोन्ही माल पाहिजेत तर अंतर पाळा. फक्त चाराच पाहिजे असेल तर वेगळा तुकडा ठेवून तो दाट पेरा.

४. बीजप्रक्रिया. काणी रोगासाठी ३०० मेशचं गंधक किलोला ४ ग्रॅम. त्यानंतर पेरणीआधी अॅझोटोबॅक्टर किलोला २५ ग्रॅम. खोडमाशीसाठीचं औषध कृषी विज्ञान केंद्राला विचारून आणि डब्यावरचं मार्गदर्शन वाचूनच.

५. खत. ओलिताच्या भारी जमिनीत एकरी ४० किलो नत्र, २० किलो स्फुरद, २० किलो पालाश. अर्धं नत्र पेरणीला, अर्धं महिन्याने. कोरडवाहूत मात्रा कमी आणि नत्र सगळं पेरणीसोबतच.

६. पाणी. चार वेळा महत्त्वाच्या: २८ ते ३० दिवस, ५० ते ५५ दिवसांना पोटरीत, ७० ते ७५ ला फुलोरा, ९० ते ९५ ला दाणे भरताना. एकच पाणी असेल तर पोटरीच्या वेळी द्या. शेवटी जमिनीत ओल उरली नाही तर खडखड्या रोग येतो, ताटं बुडातून लोळतात आणि कडब्याचीही वाट लागते.

७. सोंगणी. साधारण ११५ ते १२५ दिवसांत पीक येतं. दाणा कडक झाला आणि त्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की थांबू नका. उगाच उभं ठेवलं तर पाखरं दाणा खातात आणि पानं वाळून गळतात, म्हणजे दोन्ही गिऱ्हाईकांचा माल कमी होतो. फेब्रुवारी-मार्चचा अवकाळी पाऊस आपल्याला नवा नाही. गंजीवर टाकायला ताडपत्री सोंगणीच्या आधीच आणून ठेवा. भिजलेला, बुरशी आलेला कडबा ढोरांना घालू नका.

हे वाचल्याशिवाय कोवळी ज्वारी चारू नका

कोवळ्या ज्वारीत सायनाइडचं विष तयार करणारा घटक असतो. पाण्याचा ताण बसलेलं, खुरटलेलं पीक आणि कापणीनंतर बुडातून आलेले हिरवे फुटवे यांत तो जास्त असतो. जनावर काही वेळात दगावू शकतं. म्हणून फुलोऱ्याआधी चारायची नाही, सोंगणी झालेल्या वावरात फुटवे असतील तर ढोरं मोकळी सोडायची नाहीत. चारल्यावर जनावर धापा टाकायला लागलं, थरथरलं, पडलं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच पशुवैद्यकाला बोलवा. ८०-९० हजाराची म्हैस गेली तर वरचा सगळा हिशोब पाण्यात गेला.

पाखरांचं आणि डुकरांचं काय?

गावात एकट्यानेच एकरभर ज्वारी लावली तर गावातली सगळी पाखरं त्याच वावरात उतरतात. त्यापेक्षा शेजारच्या चार-पाच जणांनी एकाला लागून एक, एकाच आठवड्यात पेरा. पाखरं विभागली जातात, राखणीचा खर्च वाटला जातो आणि कडबा गाडीभर एकत्र निघाला की भावही बोलता येतो. डुकरांनी नुकसान केलं तर लगेच फोटो काढा आणि वनविभागाकडे अर्ज द्या. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई नाही.

तिसरं गिऱ्हाईकही आहे

नागपूरच्या आजूबाजूला डिसेंबर-जानेवारीत हुरडा पार्ट्या होतात. एकरातले चार-पाच गुंठे हुरड्याच्या वाणाला द्या, फुले उत्तरा किंवा फुले मधुर. कणीस हुरड्याला गेलं की ताट हिरवंच ढोरांना मिळतं. आणि मनीषनगर-बेशातल्या फ्लॅटमध्ये ज्वारीचं पीठ मागणारे वाढले आहेत. दाणा साफ करून, दळून, एक-दोन किलोच्या पिशवीत दिला तर पोत्याच्या भावापेक्षा जास्त पैसे मिळतात. फक्त अन्नसुरक्षा नोंदणी आधी करून घ्या.

मग ज्वारी कोणी लावायची नाही?

ज्यांच्याकडे ढोरं नाहीत, कडबा घेणारा जवळ नाही आणि राखण करायला माणूस नाही, त्यांनी आधी हरभऱ्याशी तुलना करावी. हरभऱ्याला मेहनत कमी, बाजार ठरलेला. भरपूर पाणी आहे आणि हिरवा चाराच पाहिजे, त्यांनी ओट पाहावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरून ५०-६० दिवसांत पहिली कापणी मिळते. मनातलं ट्रिटिकेलचं चित्र होतं ना, त्याच्या सगळ्यात जवळचं आपल्याकडचं पीक हेच.

आणि ट्रिटिकेलचा किडा डोक्यातून जातच नसेल, तर बी देणारा आणि दाणा घेणारा, दोघांची नावं आधी वहीत लिहा. दोन्ही नावं लिहिता आली तर दोन गुंठ्यांवर वसंती वाण करून पाहा. एकही रकाना रिकामा राहिला तर एकर अडकवू नका.

या आठवड्याचं काम

वहीत चार ओळी लिहा. मागच्या वर्षी चाऱ्यावर एकूण किती रुपये गेले? त्यातला वाळला चारा किती किलो होता? तुमच्या भागात कडबा मार्चमध्ये काय भावाने गेला आणि मे महिन्यात काय भावाने आला? आणि सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरात किती जागा मोकळी होते? ही चार उत्तरं हातात आली की किती गुंठे ज्वारी लावायची ते तुमचं तुम्हालाच कळेल, मला विचारायची गरज पडणार नाही.

आकडे भरून झाले की कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातलेच दोन-तीन हिशोब आपण फळ्यावर मांडू. भेटू लवकरच. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा!